डॉलरमागं सर्वांत जास्त पोषण

"माझ्या लेकीच्या लग्नात पाहुणे असे जेवतील, की त्यांच्या हाडांनाही कळेल आपण कुणाकडं जेवलो ते!" ऑर्विन स्टेनस्रूडनं जाहीर केलं आणि कोबीचा गड्डा टेबलावर असा आपटला, की बायकोच्या कपातली कॉफी बशीत आली.

ऑर्विन हा आमच्या गावच्या पशुखाद्याच्या गिरणीतला मुख्य माणूस. कमीत कमी पैशांत गाईच्या पोटात जास्तीत जास्त पोषण कसं घालायचं, यात अख्ख्या मिनेसोटात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्या हिवाळ्यात बाहेर बर्फ आणि घरात रिकामपण, म्हणून त्यानं तोच हिशेब माणसांच्या खाण्याला लावून पाहिला. आणि जे हाती लागलं त्यानं तो थक्कच झाला! चर्चमध्येसुद्धा कधी इतका गहिवरला नव्हता बिचारा.

"आर्डिस, अगं हा पांढरा घेवडा बघ! चार कवड्यांचा, पण आत केवढी ताकद! आणि ही कलेजी! कलेजीपुढं तर हात जोडावेसे वाटतात गं! देवानं सगळं स्वस्तात ठेवलंय, आणि आपण मूर्ख महागाचं चघळत बसलोय!"

"देवानं जीभही ठेवलीय," त्याची बायको आर्डिस म्हणाली. पण ते त्याच्या कानापर्यंत पोचलं नाही.

कलेजी, घेवडा, कोबी, गव्हाचं पीठ आणि दुधाची पावडर. एवढं सगळं एका मोठ्या ट्रेमध्ये कालवून त्यानं भट्टीत घातलं आणि रविवारी चर्चच्या तळघरातल्या सहभोजनाला नेलं. रंग ओल्या सिमेंटचा. वास मात्र सिमेंटपेक्षा पुष्कळ वाईट.

आता आमच्या चर्चची एक रीत आहे. कुणाचंही भांडं भरलेलं घरी जाता कामा नये. करणाऱ्याचा अपमान होतो! स्वयंपाकघराच्या सर्वेसर्वा बर्निसबाई डाव घेऊन उभ्याच असतात, आणि एखादा पदार्थ मागं राहिला की प्रत्येकाच्या ताटात थोडा थोडा पडतो. त्या दिवशीही पडला. लोकांनी डोळे मिटले आणि गिळला.

ऑर्विन लांबून फक्त ट्रे बघत होता. गिरणीत त्याला एकच माप ठाऊक. गव्हाण रिकामी झाली, म्हणजे खुराक आवडला!

"चाटूनपुसून खाल्लं!" घरी येताच तो ओरडला. "ठरलं! लग्नात हेच! फक्त हेच!"

जोलीननं, म्हणजे लेकीनं, कपाळावर हात मारला. तिचा नवरामुलगा रेमी लुइझियानाचा. तिकडं माणसं जेवायला बसली की उठायचं नाव घेत नाहीत. त्याची आजी युलाली तर माणसाची पारख त्याच्या घरच्या जेवणावरून करायची. नातसुनेला तिनं अजून पसंती दिली नव्हती. "आधी लग्नात त्यांच्याकडं जेवते, मग बोलते," एवढंच तिनं कळवलं होतं. आणि आजी नाही म्हणाली, तर तिकडच्या घरात जोलीनला कुणी आपलं म्हणणार नव्हतं!

पण बापाला तोंडावर सांगायचं कुणी? आमच्याकडं तोंडावर सांगणं म्हणजे जवळजवळ मारामारीच! जोलीननं बर्निसबाईंना सांगितलं, बर्निसबाईंनी चर्चच्या पास्टरना. पास्टर मोठ्या निश्चयानं ऑर्विनकडं गेले, बर्फावर बोलले, कुंपणावर बोलले, आणि घेवड्यावर खास प्रार्थना म्हणायचं कबूल करून परत आले.

लग्न लागलं. तळघरात दोनशे माणसं बसली. ऑर्विन स्वतः वाढत होता, चेहऱ्यावर नुसता प्रकाश! युलाली आजीनं पहिला घास घेतला. सगळ्यांचे चमचे हवेतच थांबले. जोलीननं रेमीचा हात इतका घट्ट धरला, की तो कळवळला.

आजीनं चावलं. थांबली. पुन्हा चावलं.

"मीठ कुठंय?" तिनं सगळ्यांसमोर, मोठ्यानं विचारलं! आमच्या तळघरात असा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. मागच्या टेबलावरच्या दोन बायकांनी तर डोळेच मिटून घेतले.

"मीठ?" ऑर्विन गोंधळला. "मीठ खुराकात नसतंच. ते वेगळं ठेवतात. ज्याला जेवढं हवं तेवढं त्यानं..." बोलता बोलता त्याचा चेहरा पडला. "अरेच्चा! ठेवायचंच राहिलं की!"

आणि कुणी अडवायच्या आत तो धावत बाहेर गेला, ट्रकमधून पांढरीशुभ्र, कोरी करकरीत मिठाची वीट घेऊन आला. गाई चाटतात ती! धापा टाकत त्यानं ती लग्नाच्या केकशेजारी धाडकन ठेवली.

दोनशे माना विटेकडं वळल्या.

मग बर्निसबाई उठल्या. हातात काटा. शांतपणे विटेपाशी गेल्या, खरवडून चिमूटभर मीठ ताटात पाडलं, "थँक यू, ऑर्विन" म्हणाल्या आणि जागेवर येऊन बसल्या. त्यांच्यामागं पास्टर. त्यांच्यामागं डॉक्टर, शाळेच्या बाई, गिरणीचे मालक. बघता बघता रांग लागली! दोनशे माणसं, ठेवणीतल्या कपड्यांत, हातात ताट घेऊन, एका विटेसाठी! ना कुणी हसलं, ना कुणी एकमेकांकडं पाहिलं. खर्र खर्र एवढाच काय तो आवाज.

युलाली आजी डोळे विस्फारून बघत राहिली. तिनं छातीवर क्रूसाची खूण केली.

"मी वादळं पाहिलीत, पूर पाहिलेत," ती हळूच जोलीनला म्हणाली, "पण असली माणसं नाही पाहिली गं! एका माणसाचं मन राखायला अख्खं गाव हे खातंय? ये इकडं पोरी. आजपासून तू माझी. अशा गावातली पोर माझ्या नातवाला कधी वाऱ्यावर सोडायची नाही."

जोलीन तिच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. ऑर्विनला वाटलं, कलेजीचाच प्रताप!

"आणि तू रे?" आजीनं त्याच्याकडं बोट रोखलं. "तुझं ताट कुठंय?"

ऑर्विन थबकला. खरंच की! गिरणीत खुराकाची चव घ्यायची पद्धतच नव्हती. त्यामुळं या पदार्थाचा एक कणही आजवर त्याच्या तोंडात गेला नव्हता. तो बसला. भला मोठा घास घेतला. चावला. गाल फुगले, डोळे पाण्यानं भरले. मोठ्या कष्टानं त्यानं तो घास खाली ढकलला आणि मान वर करून एकेका चेहऱ्याकडं पाहिलं. बर्निसबाई, डॉक्टर, शाळेच्या बाई. सगळ्यांची ताटं स्वच्छ होती.

"तुम्ही..." त्यानं आपल्या ताटाकडं बोट दाखवलं. "तुम्ही सगळ्यांनी हे खाल्लंत?"

"दोनदा," पास्टर नम्रपणे म्हणाले.