संघात बदल हवाच!

हॉकीतलं मला सगळं कळतं. स्टिक तेवढी कधी हातात धरलेली नाही. पण आमटी खारट झाली हे सांगायला आचारी व्हावं लागतं का? शिवाय मी विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासतो. दोष कोणाचा, हे ठरवण्याचा मला पगार मिळतो! त्यामुळे आमच्या वसाहतीचा हॉकी संघ ओळीने सामने हरू लागला, तेव्हा गुन्हेगार शोधायला मला एक कप चहा पुरला.

दोष गोलकीपरचा होता. गोलकीपर माझा मेहुणा होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही, असं मी बायकोला अजूनही सांगत असतो.

आमच्या संघात जर्सीच्या पाठीवर आडनाव घालत नाहीत, टोपणनाव घालतात. पद्धत जुनी आहे आणि नाव एकदा पडलं की मरेपर्यंत सुटत नाही. मेहुण्याच्या पाठीवर ‘भिंत’ होतं. एके काळी तो खरोखरच भिंत होता. यंदा भिंतीला दारं-खिडक्या फुटल्या होत्या आणि पाहुणे संघ त्यातून येऊन-जाऊन होते. सेंटर फॉरवर्ड ‘तोफ’. तिचा बार वर्षभरात एकदाही उडाला नव्हता. आणि कप्तान ‘वकील’. तो चेंडूपेक्षा पंचाच्या मागे जास्त धावायचा.

शेवटचा सामना उरला होता. तो हरलो तर खालच्या गटात घसरण नक्की. अध्यक्षांनी निदान कपडे तरी नवे असावेत म्हणून जर्सी शिवून घेण्याचं काम माझ्यावर सोपवलं. कार्यकारिणीत मी होतोच. तिथे मी भांडून एक नियमही करून घेतला होता, की क्लबच्या कोणत्याही सभासदाला ऐनवेळी संघातून खेळता यावं. त्या वेळी तो मला फार उदात्त वाटला होता.

गोलकीपर बदलायची कुजबुज घरी आधीच पोचली होती. सकाळी मेहुणा आला.

“भावोजी, लोक म्हणतात मला काढा. तुमचं काय मत?”

बायको दारात उभी होती. हातात लाटणं नव्हतं, पण चेहरा लाटण्याचाच होता.

“छे! छे! तू आहेस म्हणून संघ आहे!” मी म्हणालो. घरात मी मुत्सद्दी असतो.

“माझ्या भावाला काही झालं ना,” बायको शांतपणे म्हणाली, “तर तुमचंही काही खरं नाही.”

संध्याकाळी जुन्या जर्सींची पिशवी घेऊन मी शिंपीमास्तरांकडे गेलो. त्यांचं दुकान मैदानाच्या फाटकासमोर आहे. त्यामुळे संघाची निवड मैदानात होते आणि फेरनिवड दुकानात. बाकावर दोन मानकरी बसलेले होतेच. एक दातांचे डॉक्टर, दुसरे निवृत्त हेडसर.

“उपटून टाका!” डॉक्टर म्हणत होते. “दुखतंय ते ठेवायचं कशाला? भिंत, तोफ, वकील, तिन्ही मुळासकट!”

“डॉक्टर, तुम्ही उपटण्यापलीकडे दुसरा कुठला उपाय सुचवलाय का कधी?” हेडसर म्हणाले. “पोरं चांगली आहेत. सराव वाढवा. नापास पोराला शाळेतून काढत नाहीत, त्याच वर्गात पुन्हा बसवतात.”

“अहो, त्याच वर्गात बसून यांना मिशा फुटल्या!”

“बदल केला की पोरं बिथरतात.”

“बदल नाही केला तर आम्ही बिथरतो!”

मी पिशवी मास्तरांच्या टेबलावर ठेवली आणि चर्चेत उडी घेतली. मास्तर एका कॉलरला टाचण्या लावत होते. उरलेल्या टाचण्या त्यांच्या ओठांत असतात, म्हणून ते बोलत नाहीत, नुसती मान हलवतात. ‘हो’ आणि ‘ऐकतोय’ या दोन्हींसाठी त्यांच्याकडे मान एकच आहे.

“हे बघा,” मी म्हणालो, “अपघाताचा अभ्यास आहे माझा. तोफेच्या जागी राखीवमधला ‘उंदीर’ घ्या. चपळ आहे. वकिलाच्या जागी ‘मौनी’. तो पंचाशीच काय, स्वतःच्या आईशीही बोलत नाही. आणि भिंत पाडा! ती भिंत नाही, खिडक्या फुटलेला वाडा आहे!”

बायको जवळपास नसली की माझी भाषा फार खुलते.

“आणि गोलात कोण?” हेडसरांनी विचारलं.

“कोणीही! उद्या मी उभा राहिलो तरी याच्यापेक्षा जास्त गोल अडतील! काही नाही तरी आडवा भरपूर आहे!”

डॉक्टर खदखदून हसले. “वा, जाणकार!” हे माझं टोपणनाव. ते मला कुत्सितपणे ठेवलंय असं काही लोक म्हणतात.

मास्तरांनी ओठांतल्या टाचण्या काढल्या. ही घटना वर्षातून एखाद्या वेळीच घडते.

“हे नक्की?” त्यांनी विचारलं.

मला वाटलं, मास्तरांनाही हॉकीत रस आहे. “नक्की म्हणजे? काळ्या दगडावरची रेघ!”

त्यावर मास्तर उठले आणि त्यांनी माझ्या पोटाभोवती टेप फिरवली. माझी एक पँट कंबर सैल करायला त्यांच्याकडे पडून होती. म्हटलं, बरं झालं, आठवण राहिली! मी श्वास आत ओढून उभा राहिलो. तेवढ्यात बायकोचा फोन आला आणि मी निघालो. जर्सींबद्दल वेगळं काही सांगायचं नव्हतंच. जुन्या जर्सी पिशवीत होत्याच, त्यांच्यावर बघून नव्या शिवायच्या. हे लहान पोरालाही कळलं असतं.

मास्तर लहान पोर नव्हते, हीच अडचण झाली.

सामन्याच्या दिवशी मी जर्सींचं गाठोडं थेट दुकानातून उचलून खेळाडूंच्या खोलीत नेलं. आपण काही शूरवीरांना शस्त्रं वाटतोय, अशा थाटात गाठ सोडली. कापड झकास होतं. शिवण तर अशी, की हात फिरवत राहावं. एकेकाने आपापलं नाव शोधून जर्सी उचलली. उंदराने घातली. मौनीने काही न बोलता घातली.

तिघेजण उघडेच राहिले.

“माझी कुठाय?” तोफ म्हणाला.

“कप्तानाची जर्सी नाही? हा कराराचा भंग आहे!” वकील गरजला.

तळाशी एक हिरवी जर्सी होती. गोलकीपरची. मेहुण्याने ती उचलली, झटकली आणि पाठ बघितली. मग त्याने ती सगळ्यांना दिसेल अशी दोन्ही हातांत धरली. पांढऱ्या, ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, ‘जाणकार’.

खोलीत इतकी शांतता पसरली, की मौनीसुद्धा बडबड्या वाटला असता.

“भावोजी, हे काय?”

“शिवणीतली चूक!” मी म्हणालो. “या शिंप्यांचं काही सांगता येत नाही!”

दुर्दैवाने शिंपी दारातच उभे होते. आपली कारागिरी अंगावर कशी बसते, हे बघायला मास्तर आवर्जून आले होते आणि त्यांच्या ओठांत आज एकही टाचणी नव्हती.

“चूक?” मास्तर म्हणाले. “माझ्याकडून? तुम्हीच सांगितलंत ना! तोफेच्या जागी उंदीर, वकिलाच्या जागी मौनी, भिंत पाडा! डॉक्टर होते, हेडसर होते. मी विचारलं, नक्की का? तुम्ही म्हणालात, काळ्या दगडावरची रेघ!”

“मास्तर, पुरे...”

“‘खिडक्या फुटलेला वाडा’ असंही म्हणालात. पण ते शिवण्यातलं नव्हतं, म्हणून सोडून दिलं. आणि गोलात मी उभा राहतो म्हणालात. मी मापसुद्धा घेतलं!”

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी सकाळी केलेल्या ‘छे! छे!’चा हिशेब त्या नजरेत होता.

“जुन्या जर्सी आणा!” प्रशिक्षकसर ओरडले. “आत्ताच्या आत्ता!”

“जुन्या?” मास्तर म्हणाले. “त्या कापून बाकावर घालायला गादी केली. मघाशी गाठोडं न्यायला आला होतात तेव्हा त्याच गादीवर बसून तुम्ही चहा प्यालात की!”

खरं होतं. मऊ आहे म्हणून मी तिचं कौतुकही केलं होतं.

बाहेर पंचाची शिट्टी वाजली. सर मेहुण्याला म्हणाले, “बाबा रे, घाल हीच! पाठीकडे कोण बघतंय?”

“नको सर,” मेहुणा अत्यंत नम्रपणे म्हणाला. “गोल मी खायचे आणि नाव भावोजींचं खराब करायचं? मला ते बरं वाटणार नाही.” आणि खाली बसून त्याने पायाचे पॅड सोडायला घेतले. “भावोजी, पाय पुढे करा.”

“अरे, पण राखीव गोलकीपर?”

“तापाने झोपलाय,” सर म्हणाले. “बाहेरचा माणूस चालणार नाही. फक्त...” ते थांबले. मलाही त्याच क्षणी आठवलं. “फक्त क्लबचा सभासद चालतो. तुमचाच नियम.”

जर्सी घातली. सांगायला वाईट वाटतं, पण इतकं मापात बसलेलं कापड मी माझ्या लग्नातही घातलं नव्हतं. छातीच्या पॅडसाठी सोडतात ती जागा मास्तरांनी पोटासाठी सोडली होती. वर शिरस्त्राण, जाळी, हातमोजे. एखाद्या फ्रिजला पाय फुटावेत तसा मी मैदानात उतरलो. प्रेक्षकांत डॉक्टर, हेडसर आणि पहिल्या रांगेत बायको. तिला मेहुण्याने सगळं सांगितलं असावं, कारण ती हसत होती. ती हसते तेव्हा मला जास्त भीती वाटते.

आणि आता ऐका. मी बरोबर होतो! उंदराने पहिल्याच धावेत तिघांना चकवून गोल ठोकला! मौनी तर चेंडू असा काढून देत होता, की जणू न बोललेली सगळी वाक्यं त्याने स्टिकमध्ये साठवली होती. पंचाने एकदा साफ चुकीचा निर्णय दिला, तरी तो गप्प! वसाहतीने असा खेळ कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. उंदराने दुसरा गोल केला तेव्हा मी जाळीतून ओरडलो, “बघा! सांगत होतो ना!”

हे सांगत असताना चेंडू माझ्या दोन पायांमधून गेला.

त्यानंतर तो येत राहिला. डावीकडून आला, उजवीकडून आला. मी जिथे नव्हतो तिथून तर तो नेहमीच आला. एकदा मी पाय घसरून गोलाच्या तोंडाशी पूर्ण आडवा पडलो, या टोकापासून जवळजवळ त्या टोकापर्यंत. ‘आडवा भरपूर आहे’ हा दावा तपासायची ती खरी वेळ होती. चेंडू वरून गेला. दावा फेटाळला गेला.

गोलाच्या मागे मेहुणा मांडी घालून बसला होता. मधूनमधून तो प्रेमाने मार्गदर्शन करी.

“भावोजी, चेंडू पांढरा असतो!”

“भावोजी, डोळे उघडे ठेवले तरी चालतात!”

“उपटा त्याला!” डॉक्टर ओरडले.

“नापास! नापास!” हे हेडसर! बदलाच्या विरोधात असलेले हेडसर! “अहो, बदला त्या गोलकीपरला!”

संपूर्ण सामन्यात मी एक गोल अडवला. चेंडू सरळ माझ्या पोटावर आपटला आणि आला तसा परत गेला. मी पोट धरून खाली बसलो. मैदान टाळ्यांनी दणाणलं आणि बायको उभी राहून ओरडली, “अहो, लागलं का?” त्या प्रश्नात काळजी होती. पण तिच्या खाली बसण्यात समाधान होतं.

उंदराने शेवटी चौथाही गोल केला. चार गोल करून कुठलाही संघ जिंकतो. आम्ही किती खाल्ले, ते सांगण्यात अर्थ नाही. फळ्यावर एकाच आकड्याची चौकट होती, दुसरा आकडा खडूने बाहेर लिहावा लागला.

आम्ही खालच्या गटात गेलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पँट आणायला मास्तरांकडे गेलो. लंगडत. बाकावर डॉक्टर, हेडसर आणि मध्ये, त्या मऊ गादीवर, माझ्या रोजच्या जागी, मेहुणा! हातात चहाचा कप.

“दोष कोणाचा, हे उघड आहे,” तो म्हणत होता. “उंदीर उत्तम, मौनी उत्तम. पण संघात बदल हवाच!”

“मुळासकट!” डॉक्टर म्हणाले.

“पहिल्यांदाच पटलं,” हेडसर म्हणाले.

“या भावोजी, बसा! तुमचं काय मत?”

मी बाकाच्या कडेला टेकलो. गादीच्या एका कोपऱ्यावर ‘भिं’ एवढं अक्षर शाबूत होतं. त्याच्याकडे बघत मी म्हणालो, “भिंत परत उभी करा.”

मास्तरांनी ओठांतल्या टाचण्या काढल्या. “हे नक्की?”

या वेळी मी काळ्या दगडाचं नाव काढलं नाही. तिघांच्या देखत, सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, “एक. जर्सी. हिरवी. पाठीवर ‘भिंत’. माप. याचं.”

मास्तरांनी मान हलवली. मेहुण्याने सरकून मला गादीवर जागा करून दिली. मन मोठं आहे पोराचं, बहिणीवर गेलंय असं वाटलं.

ते चुकीचं वाटलं. पँट तयार नव्हतीच, ते माप हिरव्या जर्सीत गेलं होतं. आणि मापावर शिवलेलं कापड मास्तर परत घेत नाहीत. ती जर्सी वाया घालवायची नाही, असा घरी एकमताने निर्णय झाला, म्हणजे बायकोचं एक मत. दर रविवारी मेहुणा जेवायला येतो. त्या दिवशी ती जर्सी घालून मी पानं वाढायची आणि वाढून झालं, की दोघांना नीट वाचता येईल अशा बेताने पाठ वळवून स्वयंपाकघरात जायचं.