टिप शंभर, तारे दोन

सरांनी दारात उभ्या असलेल्या डिलिव्हरीवाल्याच्या हातात शंभराची नोट ठेवली, त्याच्या पाठीवर थाप मारली, जिना जपून उतरा असं सांगितलं, दार लावलं आणि मोबाईलवर त्याला पाचापैकी दोन तारे दिले.

यात काही विचित्र आहे असं सरांना वाटत नव्हतं. टिप घामाची असते, मार्क गुणवत्तेचे असतात आणि दोन्हींची सरमिसळ करायची नसते, असा त्यांचा सिद्धांत होता. छत्तीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं आणि पैकीच्या पैकी मार्क कोणालाही दिले नाहीत. सगळी उत्तरं बरोबर असली तर समासासाठी दोन कापायचे. समासही सरळ निघाला तर फाजील आत्मविश्वासासाठी एक. त्यांचा स्वतःचा मुलगा नववीला त्यांच्याच वर्गात होता. त्याला एकाहत्तर मिळाले आणि वरची तुकडी हुकली. त्याला विमानं बनवायची होती, आता तो विमा विकतो. अजूनही एकाहत्तर नंबरची बस आली की तो ती सोडून देतो.

निवृत्तीनंतर सरांकडे तपासायला काही उरलं नव्हतं. मग सुनेने त्यांच्या मोबाईलमध्ये जेवण मागवायचं अॅप टाकून दिलं आणि सरांच्या चेहऱ्यावर तेज आलं. दोन तारे म्हणजे चाळीस टक्के, पास. तीन म्हणजे साठ, फर्स्ट क्लास. चार तारे त्यांनी एकदाच दिले होते, लिफ्ट बंद असताना अंगात ताप घेऊन तीन मजले चढलेल्या माणसाला. त्यानंतर दोन दिवस आपण वाहवत गेलो असं त्यांना वाटत राहिलं. ताऱ्यांखाली ते शेराही लिहायचे. ‘वेळेवर आले. हेल्मेटचा पट्टा लोंबत होता. प्रयत्न चांगला.’

शनिवारी दुपारी बेल वाजली. कोणी काहीच मागवलं नव्हतं, त्यामुळे कोणी उठावं यावर घरात चर्चा झाली. ती चर्चा चार मिनिटं चालली. शेवटी सुनेनेच दार उघडलं. बाहेर पन्नाशीकडे झुकलेले, भरघोस मिशांचे एक डिलिव्हरीवाले उभे होते. काखेत हेल्मेट आणि हातात शंभराच्या तीन नोटा.

“सरांनी दिलेली टिप आहे,” मिशीवाले म्हणाले. “तीनही वेळची. परत घ्या. फक्त तारे देऊ नका.”

सर बाहेर आले. त्यांना वाटलं, माणूस स्वाभिमानी आहे. मिशीवाल्यांनी मग उभ्याउभ्या सगळं सांगितलं. त्यांची कंपनी शेवटच्या शंभर ऑर्डरींची सरासरी काढते. ती चार पूर्णांक वीसच्या खाली गेली की काम बंद. त्यांची आज चार पूर्णांक सतरा होती आणि संध्याकाळी सहाला यादी निघणार होती. पंधरा वर्षं ट्रक चालवून पाठ गेली होती, आता हे काम गेलं तर दुसरं कोणी देणार नव्हतं.

सरांनी तोंडातल्या तोंडात भागाकार केला आणि खुर्ची शोधली.

“म्हणजे चौऱ्याऐंशी टक्क्यांच्या खाली नापास?”

“हो.”

“कुठलं बोर्ड आहे हे?”

काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, पाणी आणलं. ते मिशीवाल्यांसाठी होतं, पण सरच प्यायले.

सुनेने सासऱ्यांचा मोबाईल घेतला आणि मागची यादी उघडली. ती खाली सरकवत गेली, सरकवत गेली आणि मग तीही बसली. सरांनी सहा महिन्यांत त्रेचाळीस जणांना तपासलं होतं. त्यांतले एकोणतीस काठावर पास होते. मिशीवाल्यांनी संकोचून आणखी माहिती पुरवली. चौकात सगळे डिलिव्हरीवाले या घराला ओळखतात. या पत्त्यावरची ऑर्डर आली की चिठ्ठ्या टाकतात, ज्याचं नाव निघेल तो येतो. शंभराची नोट ही टिप नसून नुकसानभरपाई आहे, असं तिथे सगळे धरून चालतात. चिठ्ठ्यांना वेळ लागतो, म्हणून सूप गार येतं.

“तरीच,” काकू म्हणाल्या.

सुनेने शोधून काढलं की शेवटच्या, म्हणजे मिशीवाल्यांनीच आणलेल्या ऑर्डरीचे तारे आज संध्याकाळपर्यंत बदलता येतात. तिने मोबाईल सरांपुढे धरला. सर मागे सरकले. दयेपोटी मार्क वाढवणं त्यांना जमणार नव्हतं. नोकरीत असताना एकदा मुख्याध्यापकांच्या भाच्यासाठीही जमलं नव्हतं. फेरतपासणी मात्र करता येईल, पण त्यासाठी पेपर समोर हवा.

“पेपर म्हणजे?” सुनेने विचारलं.

“म्हणजे यांनी डिलिव्हरी पुन्हा करून दाखवावी.”

मिशीवाल्यांनी एक क्षण मिशीवरून हात फिरवला आणि हेल्मेट घातलं. काकूंनी सूपच्या रिकाम्या डब्यात पाणी भरून दिलं, सांडलं तर कळावं म्हणून. मिशीवाले खाली गेले, गाडीवर बसले, चौकापर्यंत जाऊन आले आणि तीन मजले चढले. सरांनी शाळेतलं स्टॉपवॉच काढलं होतं. शेजारच्या दारांतून माणसं बघत होती. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त न्यायाधीश कठड्याला धरून उभे राहिले, कारण प्रकरण काय आहे हे त्यांना कळलं नव्हतं, पण निकालाच्या वेळी हजर असावं असं त्यांना वाटलं.

पाणी थेंबभर सांडलं नव्हतं. पट्टा बांधलेला होता. सरांनी डब्याचं बूड रुमालाने पुसून पाहिलं, रुमाल कोरडाच राहिला. मग त्यांनी मोबाईल घेतला आणि चौथ्या ताऱ्यावर बोट ठेवलं.

“सर, दोनाचे चार झाले तर माझे चार पूर्णांक एकोणीस होतात,” मिशीवाले म्हणाले. “पाच दिले तर बरोबर वीस.”

गणित अचूक होतं. तेही मनातल्या मनात केलेलं. सरांनी बोट चौथ्या ताऱ्यावरच ठेवलं.

“जिन्यात तुम्ही डावी बाजू सोडलीत,” ते हळू आवाजात म्हणाले.

तोपर्यंत मुलगा सोफ्यावर बसून होता. तो उठला.

“बाबा, माझ्या नववीच्या पेपरात काय चुकलं होतं?”

सरांनी बराच वेळ स्टॉपवॉचकडे बघितलं. ते अजून चालूच होतं.

“फारसं काही नाही. पंच्याण्णव होत होते.”

“मग एकाहत्तर?”

“तू माझा मुलगा होतास. लोक म्हणाले असते, घरचाच पेपर. म्हणून चोवीस कापले.”

घरात अशी शांतता पसरली की दुसऱ्या मजल्यावरच्या न्यायाधीशांनी वर तोंड करून काय झालं म्हणून विचारलं. मिशीवाल्यांनी हेल्मेट काढून हातात घेतलं, एखाद्या घरी वाईट बातमी कळल्यावर काढतात तसं. सून नवऱ्याकडे बघत राहिली. काकूंनी तेवढं सांगितलं की त्यांच्या स्वयंपाकालाही बेचाळीस वर्षं ‘बरा आहे’ मिळतंय, त्यामुळे त्यांना या बातमीचं एवढं काही वाटलं नाही.

सरांनी चष्मा पुसला. बोट उचललं. ते पाचव्या ताऱ्यापर्यंत जाताना वाटेत दोनदा थांबलं, पण गेलं. शेऱ्याची जागा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कोरी सोडली.

मिशीवाल्यांच्या मोबाईलवर चार पूर्णांक वीस उमटले. त्यांनी सरांच्या पायाला हात लावायचा प्रयत्न केला, पाठीमुळे तो अर्ध्यातच राहिला. सरांनी तीन नोटा त्यांच्या खिशात परत कोंबल्या. टिपेचा आणि ताऱ्यांचा संबंध नसतो, हे त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं. मिशीवाल्यांना ते पटलं. मग दारात थांबून ते आपल्या मोबाईलवर काहीतरी दाबू लागले.

“आता काय?” सरांनी विचारलं.

“गिऱ्हाईकालाही तारे द्यावे लागतात, सर.”

हे सरांना माहीत नव्हतं. त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली.

“किती दिलेत?”

“तीन.”

सरांचा हात भिंतीकडे गेला. मिशीवाल्यांनी आवाज न चढवता कारण सांगितलं. टिप उत्तम. वागणूक सभ्य. पण बेल वाजल्यावर दार उघडायला चार मिनिटं लागली. प्रगतीला वाव आहे. एवढं सांगून ते डाव्या बाजूने जिना उतरून गेले.

त्यानंतर तीन दिवस सरांनी काहीच मागवलं नाही. चौथ्या दिवशी त्यांनी जेवण मागवलं आणि इस्त्रीचा शर्ट घालून कडीवर हात ठेवून ते दारामागे उभे राहिले. वीस मिनिटं तसेच होते. बेल वाजली आणि दार असं उघडलं की डिलिव्हरीवाला दचकून एक पायरी मागे गेला. सरांनी शंभराची नोट दिली, डबा घेतला आणि वळून सोफ्याकडे पाहिलं.

सोफ्यावर मुलगा बसला होता. स्टॉपवॉच त्याच्या हातात होतं.

“दीड सेकंद,” तो म्हणाला. “छान, बाबा. एकाहत्तर.”