टेलचं काय?

समस्त अंथुर्णेकर, पैपाहुणे आणि जेवणावर टपून बसलेल्या मंडळींना गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, ज्या पंगतीत भानुदासआबा जिलेबीचं ताट हातात घेतील, त्या पंगतीत पहिल्या जागेवर बसू नये. बसल्यास होणाऱ्या उपासमारीला यजमान जबाबदार राहणार नाहीत.

आबा शेवटून वाढतात. पंगत कितीही लांब असो, ते थेट मंडपाच्या टोकाला, चपलांच्या ढिगाशेजारी बसलेल्या माणसापासून सुरुवात करतात आणि उलटे येतात. एकदा नवरदेवाच्या सख्ख्या मामाला जिलेबीऐवजी नुसता पाक मिळाला. मामा भडकले. आबा शांतपणे म्हणाले, "तुमी हेडला बसलाय. तुमाला काय, कवाबी मिळंल. टेलचं काय?"

आबा पाटकरी. कालव्याला आमच्याकडे जी चारी फुटते, तिच्या दारांच्या किल्ल्या आबांच्या कमरेला. चारीच्या तोंडाशी ज्यांची शेतं ते हेडवाले आणि सात किलोमीटर खाली, जिथं ती संपते, ते टेलवाले. नियम असा, की पाणी आधी टेलला द्यायचं, मग वर वर येत हेडला. हा नियम आम्हा सगळ्यांना पाठ आहे, शाळेतल्या प्रतिज्ञेइतका.

आबांनी तो अंगात भिनवून घेतलेला. एसटीत जागा असली तरी मागच्या बाकावर. सलूनमध्ये स्वतःचा नंबर आला की शेवटी बसलेल्याला पुढं ढकलणार, त्यामुळे त्यांची दाढी कायम चार दिवसांची.

मी बारामतीच्या कॉलेजात शिकवतो आणि शनिवारी शेतावर येतो. आमचा ऊस हेडला आहे. तेव्हा या हकिगतीत मी कुणी सज्जन वगैरे नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मे महिना होता. आबांच्या निवृत्तीला नऊ दिवस उरलेले, म्हणजे ही त्यांची शेवटची पाळी. पाणी आदल्या दिवशी टेलसाठी सोडलेलं. दुपारी तीनला माझा धाकटा चुलतभाऊ संपत पहार घेऊन चारीवरच्या आमच्या दारावर गेला. मागं आणखी चौघं. त्यांच्या मागं, सुरक्षित अंतरावर, मी. पाहतो तर आबा दाराच्या चाकावरच बसून भाकरी खात होते.

"आबा, उठा. ऊस वाळलाय."

"दिसतोय मला. पाचला टेलची पाळी संपती. मग वर वर येत तुमचं बी दार."

"तवर समदं पाणी चारीत मुरंल. टेलला कवा पाणी गेलंय का आजवर?"

"बसा संपतराव. ठेचा खावा."

"मी हसायला न्हाय आलो, आबा."

संपतनं पहारेचं टोक चाकाखाली घातलं. मी म्हणालो, "संपत, दमानं." पण इतक्या हळू, की ते फक्त पहारेलाच ऐकू गेलं असावं.

आबांनी भाकरी डब्यात ठेवली. "न्हाय गेलं," ते म्हणाले.

"काय?"

"टेलला पाणी. कंदीच न्हाय गेलं. पाळी संपली की मी हापिसात फोन करतो, पोचलं म्हणून. सायब म्हणतो, बरं. तीस वर्सं झाली. मधी कुणीतरी दार फोडतंय, मी बघतो, आन पोचलं म्हणतो." आबा कुणाकडंच बघत नव्हते. "निस्तं एकदा बघायचंय. मग फोडा."

दाराखालच्या फटीतून पाणी झिरपत होतं. संपतनं पहार चाकाखालून काढली नाही. पण तिचं वरचं टोक मागच्याच्या हातात दिलं. "मी फोन करंपर्यंत हात लावू नगा. आबा, बसा गाडीवर. दादा, तू बी. पाचला पाणी टेलला न्हाय दिसलं, तर दार फोडणार. मग आडवं यायचं न्हाय."

"व्हय," आबा म्हणाले.

टेलला सोनाबाईची वस्ती. चारीत पाणी कधी आलंच नव्हतं, म्हणून म्हातारीनं चारीतच वर पत्रे टाकून शेळ्या बांधलेल्या. दोन्ही बाजूंना भिंत आयती. आम्ही पोचलो तेव्हा शेळ्या निवांत रवंथ करत होत्या.

साडेचार. कोरडं. पावणेपाच. कोरडं. आबा चारीत उतरून वरच्या वळणाकडं चालत गेले आणि उकिडवे बसून मातीवर तळवा टेकवून राहिले. पाचला पाच कमी असताना संपतनं फोन काढला.

"चला आबा."

आबा उठले, पण आमच्याकडं आले नाहीत. वळणावरून आधी पालापाचोळा आला, मग फेस, मग कोल्ड्रिंकची रिकामी बाटली आणि तिच्यामागं वीतभर रुंद गढूळ पाणी, प्रत्येक भेगेपाशी थांबत, ती भरत, पुढं सरकत. त्याच्यापुढं आबा उलटे चालत येत होते, दावं धरून वासरू आणावं तसे.

सोनाबाई घरातून बाहेर आली. "अगं बया, ह्ये कुणाची पाइपलाइन फुटली?"

"तुमचंच पाणी हाय, मावशी."

"आमचं कसलं? माझी शेरडं भिजली की, मुडद्या."

संपतनं फोन खिशात टाकला आणि एकेका काखेत एकेक करडू उचललं. मी तिसरं धरलं.

आबा घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहून ऑफिसला फोन लावत होते. "सायब, टेलला पाणी पोचलं," ते म्हणाले. पलीकडून नेहमीचं "बरं" आलं असावं, कारण आबा एकदम ओरडले,

"न्हाय सायब, ठिवू नका. आज खरंच पोचलंय."