नाणं बेसावध असताना

आप्पाकाका नाण्याकडे कधी सरळ बघत नसत. ओसरीवर काळं फडकं अंथरायचे, त्यावर नाणं ठेवायचे, त्याच्याकडे पाठ करून रस्त्यावरचे टांगे बघत उभे राहायचे, आणि मग एकदम मान वळवायचे.

"समोर बसून पाहिलं की ते फोटोला बसल्यासारखं ताठ होतं," ते सांगत. "बेसावध असताना पकडावं लागतं, बेटा. तेव्हा खरी तबियत कळते."

हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी शरदकडे बघितलं आणि शरदनं माझ्याकडे. शरद माझा धाकटा भाऊ. वडील असतानाच घराच्या वाटणीवरून आमचं बोलणं बंद झालं होतं. निरोप त्याच्या बायकोमार्फत चालत. वडिलांनी मागे नाण्यांचा एक डबाही ठेवला होता. 'दोघांत सारखी वाटा, दर्जा आप्पा ठरवेल,' एवढंच सांगून ते गेले. म्हणून दर रविवारी सकाळी आम्ही फ्रीगंजात, टावरच्या मागच्या गल्लीत, काकांच्या ओसरीच्या दोन टोकांना बसू लागलो.

काका वडिलांचे जुने स्नेही. ग्वाल्हेर संस्थानच्या खजिन्यात झिजलेली नाणी वेगळी काढण्यात त्यांची उभी नोकरी सरली. नाण्यांचे दर्जे त्यांनी स्वतःच पाडलेले. हाताळलंच गेलं नाही ते कोरं. पेटीत राहिलं ते घरातलं. फिरून आलं ते बाजारातलं. चेहरा सपाट झाला ते थकलेलं. आणि सगळ्यांत खाली धुतलेलं, म्हणजे लक्ष्मीपूजनाला कुणीतरी चिंचेनं घासून लख्ख केलेलं. धुतलेल्या नाण्याचं नाव निघालं की काकांचा चहा कडू व्हायचा.

हेच दर्जे ते माणसांनाही लावत. माझे यजमान 'घरातले, कड शाबूत'. समोरचे वकील 'थकलेले, पण वजन पूर्ण'. नव्यानं रंगवलेला टावर अर्थातच 'धुतलेला'. मला त्यांनी बाजारातलं म्हटलं. मी आठ दिवस रागावले होते.

मला कामं ओळीनं लागतात. किराणा, धोबी, मुलांची फी, सगळ्याच्या याद्या असतात. पहिल्या रविवारी मी कागदावर रकाने आखले: नाणं, दर्जा, कुणाकडे. दोन बैठकांत काम संपेल असा माझा अंदाज होता.

दुसऱ्या रविवारी घरातला राणीछाप रुपया बाजारातला झाला. तिसऱ्या रविवारी तो परत घरात आला.

"काका, मागच्या वेळी तुम्ही काय म्हणालात?"

"तेव्हा ढग होते."

"लख्ख ऊन होतं," शरद म्हणाला.

"मग उन्हानं फसवलं. पुढच्या रविवारी बघू. चाय घ्या."

मला काही कळेनासं झालं. नाणं तेच, डोळे तेच, फडकंसुद्धा तेच. थकलेला पैसा एकदा कोरा ठरला तेव्हा मी पेन्सिल खाली ठेवली. नियम सापडावा म्हणून ऊन, वारा, चहात साखर किती, सगळं ताडून पाहिलं. जमेना. माझ्या कागदावर खोडाखोड इतकी झाली की मलाच तो वाचता येईना.

परतताना माधवनगरपर्यंत शरद सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालू लागला. काकांना नावं ठेवायला आम्हाला एकमेकांशिवाय कुणी नव्हतं.

"ताई, मध्य भारत राज्य मोडून नवा प्रांत उभा राहिला," तो म्हणाला, "आणि आपला एक डबा वाटून होत नाही."

"सठियाये हैं, साठी बुद्धी नाठी," मी म्हटलं. आम्ही दोघं हसलो. वाटेत त्यानं मुलांसाठी म्हणून पेरू घेतले आणि निम्मे माझ्या पिशवीत टाकले.

त्या वर्षी सरकारी कचेऱ्या नव्या राजधानीत, भोपाळला हलत होत्या. काकांच्या ओसरीवर संध्याकाळी पत्ते खेळायला येणारे एकेक करून सामान बांधून गेले. पत्त्यांचा जोड खिडकीत तसाच पडलेला असे. मी तो पाहत होते, पण त्याचा आमच्या डब्याशी काही संबंध असेल असं मनातही आलं नाही.

मग शरदचीही बदलीची ऑर्डर आली.

"काका, आज संपवायचंच," मी बजावलं. "तो बुधवारी निघतोय."

"बुधवारी?" काका म्हणाले. मग त्यांनी फडकं न अंथरताच डबा ताटात उपडा केला आणि आमच्यासमोर मांडी घालून बसले. पाठ नाही, मान वळवणं नाही. नुसता अंगठा फिरवत बोलत गेले. "कोरं. घरातलं. घरातलं. थकलेलं. हे धुतलेलं, तुझ्या आईचा हात. बाजारातलं." माझी पेन्सिल पुरी पडेना. चहा निवायच्या आत ताटात दोन सारखे ढीग झाले होते.

"काका, हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी. ह्यात बघायचं काय आहे?" ते कपबश्या गोळा करू लागले. "तुझे वडील म्हणाले होते, पोरं बोलत नाहीत एकमेकांशी, तू घाई करू नकोस." बशी बशीवर ठेवत ते म्हणाले, "नंतर मलाही घाई नव्हती."

शरदनं आपल्या ढिगातला कोरा रुपया उचलला. "काका, हा मला बाजारातला वाटतो."

"कोरा आहे. आंधळाही सांगेल."

"मला पटत नाही. तुमच्याकडे ठेवा, नीट पाहा. मी महिन्याला ताईकडे येणारच आहे, तेव्हा सांगा."

काकांनी रुपया घेतला आणि बंडीच्या खिशात टाकला. "लवकर सांगता येणार नाही," ते म्हणाले. "कठीण आहे हे नाणं."

मीही माझ्या ढिगातला एक पैसा काढून त्यांच्यापुढे सरकवला. "आणि हा."

त्याबद्दल नेमकी कसली शंका आहे, ते मला सुचत नव्हतं. काकांनी विचारलंही नाही.