परब काकांचा खुळखुळा

परळच्या बस-स्टॉपवर साठीचे एक गृहस्थ होमिओपॅथीच्या गोळ्यांची बाटली कानाजवळ धरून तालात हलवताना दिसले, तर घाबरू नका. ते आमचे परब काका. गोळ्या तब्येतीसाठी आहेत, हलवणं रियाजासाठी.

डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीची बेंजो पार्टी माझ्या वडिलांच्या वेळची. आता बेंजो मी वाजवतो. या पार्टीचा आजवरचा एकमेव शत्रू म्हणजे परब काका. आम्ही तालमीला बसलो, की अर्ध्या तासाने काका घड्याळ घेऊन अंगणात हजर. "वेळ संपली. नोंद घ्यावी." सरकारी कचेरीत जन्म गेलेला माणूस. आमटीत मीठ कमी पडलं तरी घरी 'नोंद घ्यावी' म्हणत असणार.

यंदा उन्हाळ्यात त्यांचा अर्ज आला, तेव्हा आम्हाला वाटलं नवी तक्रार. विषय होता, 'बेंजो पार्टीत वादक म्हणून सामील करून घेणेबाबत.' सोबत दोन फोटो आणि आधार कार्डाची झेरॉक्स!

"म्हातारा सटकला काय रे?" आमचा ढोलवाला सुन्या म्हणाला. पण चाळीतलं वडीलधारं माणूस, तोंडावर नाही कसं म्हणायचं? हातात खुळखुळा दिला. खुळखुळ्याने काय बिघडणार, असा आमचा समज.

पहिल्याच तालमीत गाणं रंगात आलं आणि मी ओरडलो, "उचल!" उचल म्हणजे लय वाढव, हे चाळीतलं शेंबडं पोरही सांगेल. काकांनी शेजारचा ताशा स्टँडसकट उचलला. वाजवणाऱ्याच्या काठ्या हवेतच राहिल्या.

"कुठे ठेवू?" काकांनी गंभीरपणे विचारलं.

दुसरा कोणी असता तर आठवडाभर तोंड लपवून बसला असता. काका दुसऱ्या दिवशी वही घेऊन आले आणि आमचे सगळे शब्द अर्थासकट उतरवून घेतले. मग रोज जिन्यात दोन तास खुळखुळ. पण लय काही बधेना. काका सगळ्यांच्या पुढे धावायचे.

शेवटी सुन्या वैतागला. "रविवारी हळदीची सुपारी आहे. पब्लिकसमोर इज्जत जाईल आपली. तू सांग त्यांना, नको म्हणून."

तालमीआधी मी वर काकांच्या खोलीवर गेलो. काकू जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं. दार उघडं होतं, आणि काका खुर्चीत बसून पायाने ठेका धरत होते. माझा चेहरा बघूनच त्यांनी ओळखलं.

"काढायचं असेल तर लेखी द्या. मी पुन्हा अर्ज करीन."

मला हसू आलं आणि रागही आला. "काका, इतकी वर्षं तुम्ही आम्हाला गप केलंत. आता हा हट्ट कशाला?"

त्यांनी हातातला खुळखुळा काकूंच्या रिकाम्या खाटेवर जपून ठेवला. कचेरीतली भाषा गेली आणि मालवणी आली.

"माका तुमचा वाजवणा आवडायचा रे, पयल्यापासून. पण हिचा डोक्या दुखायचा. आवाज सोसायचो नाय तिका. म्हणान मी घड्याळ घेवन खाली येय." त्यांनी खाटेवरची चादर नीट केली. "आता कोणासाठी तुमका गप करू?"

या माणसाला मी वडिलांच्या वेळेपासून शिव्या घालत आलो होतो. मला माझीच लाज वाटली. खाली सुन्या ढोल आवळत होता.

"चला काका, पोरं थांबलीयत," मी म्हटलं. "माझ्या शेजारी बसा. लय सुटली तर माझ्या पायाकडे बघा."