कमलाबाईंचा वर राहिलेला हात

गावच्या मुंबईकरांच्या मंडळाच्या ऑनलाइन सभेत कमलाबाईंनी "थांबा!" म्हणून हात वर केला आणि नेमकं त्याच क्षणी घरचं नेट बसलं. बसलं तेही त्यांच्यापुरतंच. मुंबईकरांचा शब्दन् शब्द त्यांना ऐकू येत होता. त्यांचा एकही तिकडे पोचत नव्हता. गावाबद्दलचे निर्णय एरवीही असेच होतात म्हणा, पण आज दोष नेटचा होता.

विषय होता बुद्धविहाराला लागून असलेल्या अभ्यासिकेचा. गावातल्या पोरी तिथे अभ्यासाला बसत. कमलाबाईंनी दारोदार हिंडून टेबलं आणि पंखे जमवले होते. मंडळाला आता तीच खोली हवी होती, एसी बसवून, मे महिन्यात येणाऱ्या मुंबईकरांच्या मुक्कामाला.

"मंजूर असेल त्यांनी हात वर करा," अध्यक्ष अभय म्हणाला. "बघा, कमलाकाकींनी तर आधीच केलाय! एकमतानं मंजूर. आता जरा चहा घेऊ, मग पुढचा विषय."

"माजी कसली संमती रे मेल्या!" कमलाबाई ओरडल्या. मुंबईतल्या पडद्यांवर मात्र त्या अजून हात उंचावून, तोंड उघडं टाकून थिजलेल्याच होत्या.

त्यांनी राउटर बंद करून पुन्हा चालू केला, काही फरक पडला नाही. मग नेटवाल्या विनोदला फोन लावून त्याची चांगली हजेरी घेतली.

"काकी, लाईन चांगली हाय," तो म्हणाला. "घरातलं एकेक बंद करून बघा, कोण खातंय ते कळंल."

कमलाबाईंनी टीव्ही बंद केला, नवऱ्याचा, सखारामांचा, मोबाइल बंद केला. तरी राउटरचे दिवे वेड्यासारखे लुकलुकतच होते. शेवटी आतल्या खोलीत भरतकामाच्या रुमालाखाली सखारामांचा कंप्युटर घुमताना सापडला. तहसील कचेरीतून निवृत्त झालेल्या सखारामांनी त्यावर जुन्या जलशांची गाणी उतरवून घेतली होती.

"अवो, गाणी तर कधीच उतरली ना? मंग आता काय चाललाय?"

"आता मी देतोय," सखाराम अभिमानानं म्हणाले. त्यांचं सॉफ्टवेअर फाईल एका जागेहून आणत नसे. ती ज्यांच्याकडे असेल त्यांच्या कंप्युटरांवरून तुकडा तुकडा गोळा करी आणि मग आपल्याकडून इतरांना वाटत सुटे. "शेजारणीचं भांडं आपण कधी रिकामं परत दिलंय काय गो? लोकांकडनं घेतलं, लोकांना देतोय. महिना झाला."

"बंद करा आधी!"

"एकजण अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर आलाय. जेवत्या माणसाला पानावरनं उठवू?"

कमलाबाईंचा पारा चढला. इतकी वर्षं संसार केला, पण हा माणूस इतका दानशूर आहे हे त्यांना आजच कळत होतं. "जगाला पंगती वाढताय, आन् घरच्या बायकोचा शब्द उंबऱ्याभायेर जात नाय! उठवू नका कोणाला. पण डाव ठेवा आन् चमचा घ्या!"

सखारामांनी चष्मा लावला. सेटिंगमध्ये बाहेर किती वेगानं द्यायचं याचा एक रकाना होता; त्यात त्यांनी काहीही मर्यादा घातली नव्हती. कुरकुरत त्यांनी तिथे एक छोटा आकडा टाकला. दिवे शांत झाले.

"अभय, ऐकू येतंय?"

"हो काकी, एकदम क्लिअर!"

"मंग ऐक. मघाशी हात वर केला तो तुला थांबवायला. माजा विरोध हाय."

"पण काकी, ठराव झाला ना. आता कसा बदलणार?"

"नको बदलू. ठराव तिकडंच ठेव, तुज्या एसीत. अभ्यासिकेची चावी माज्या कमरेला हाय. जवर एक तरी पोरगी तिथं पुस्तक घेऊन बसतेय, तवर दार दुसऱ्या कोणासाठी उघडायचं नाय. मे महिन्यात सगळे या. माज्या पडवीत झोपा, बांगड्याचं कालवण घालीन. पण चावी मागू नका."

पडद्यावरच्या सगळ्या चौकटी स्तब्ध झाल्या. कुणाची पापणी हलेना की ओठ. सखाराम काळजीनं दारातून डोकावले.

"परत गेलं काय गो नेट?"

"नाय," कमलाबाई म्हणाल्या. "नेट चालू हाय. ते गप बसलेत."