आनंदरावांची लाल दिव्याची गाडी

"लिहून ठेवा तुमी! मंत्रीसाहेब माहं काम पाह्यतीन अन् उभ्या उभ्या माही बदली भंडाऱ्याले करतीन!"

एकोडीच्या ग्रामपंचायतीच्या ओट्यावर उभं राहून आनंदरावांनी ही घोषणा केली, तेव्हा ऐकायला सरपंच तुलारामजी, दोन म्हातारे आणि एक बकरी एवढीच मंडळी हजर होती. पण आनंदराव बोलले मात्र असे, की जणू समोर नागपूरचं अख्खं कस्तुरचंद पार्क भरलं आहे!

गोष्ट शहाऐंशी सालची. आनंदराव तालुक्याला पंचायत समितीत आवक-जावक कारकून होते. रोज सायकल हाणत जायचं, आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, गेलेल्या कागदावर शिक्का मारायचा आणि संध्याकाळी आपल्याच कपाळावर शिक्का बसल्यासारखं तोंड करून घरी यायचं. भंडाऱ्याला बदली मिळावी म्हणून ते अर्ज करून करून थकले होते. कारण त्यांचा अर्ज त्यांच्याच टेबलावरून जावक व्हायचा आणि नामंजूर होऊन त्यांच्याच टेबलावर आवक व्हायचा! दोन्ही शिक्के त्यांनाच मारावे लागायचे.

घरी मंगलाबाईंचा तगादा वेगळाच. त्यांचं माहेर कारधा. वैनगंगेचा पूल ओलांडला की भंडारा. "तुमाले भंडारा भेटला की मी रोज मायच्या घरी चहा प्याले जाईन," असं त्या म्हणायच्या. तेव्हापासून आनंदरावांना चहाचा कप दिसला तरी बदली आठवायची.

पण खरं सांगायचं तर आनंदरावांचा जीव कारकुनीत नव्हताच. तो होता इलेक्ट्रॉनिक्समध्ये! टपालाने शिकवणारा एक कोर्स त्यांनी अर्ध्यापर्यंत केला होता. उरलेला अर्धा टपालातच हरवला. तरी त्यांनी सरपंचांचा रेडिओ दुरुस्त करून दाखवला. तेव्हापासून तो रेडिओ बंद केल्यावरसुद्धा गुणगुणायचा.

"बंद असून वाजते म्हणजे पॉवर किती असन, पाहा!" आनंदराव म्हणाले. सरपंचांना ते पटलं.

आता या आनंदरावांच्या हाती पडली रिमोट कंट्रोलची मोटारगाडी! मंगलाबाईंचा भाऊ डोमा कुवेतला वेल्डर होता. तो सुट्टीवर आला तेव्हा त्याने ही जपानी गाडी आणली. ती त्याने भाचीसाठी आणली होती अशी गावात अफवा होती, पण भाचीचा हात तिला कधी लागला नाही. हातातल्या डबीची दांडी ढकलली की गाडी पुढे पळायची, वळायची, मागे यायची. मध्ये तार नाही, दोरी नाही! एकोडीच्या गल्लीत ती पहिल्यांदा धावली, तेव्हा कोंबड्यांनी दोन दिवस अंडी दिली नाहीत.

त्याच सुमारास गावात पथदिव्यांचे खांब उभे राहिले आणि उद्घाटनाला खुद्द उपमंत्री येणार असं ठरलं. सरपंच तुलारामजी काळजीत पडले. शेजारच्या गावाने मंत्र्याला सजवलेल्या खासरातून मिरवलं होतं. त्या वेगवान बैलगाडीचा फोटो पेपरातही आला होता.

"आपुन त्याच्याहून वरचढ काय करावं जी?" तुलारामजींनी विचारलं.

"माही गाडी!" आनंदराव म्हणाले. "गाडीवर ताटली, ताटलीत कात्री. गाडी आपोआप येईन, साहेबापुढं थांबन. साहेब कात्री उचलतीन, फीत कापतीन. असं उद्घाटन दिल्लीतबी झालं नसन!"

"अन् साहेब उशिरा आले, अंधार पडला तं?"

"म्हणून तं गाडीले दिवे लावून राहिलो!"

दिवे म्हणजे साधे नव्हेत. एलईडी! ज्वारीच्या दाण्याएवढा दिवा, पण तेज असं की डोळ्यात घुसावं. आनंदरावांनी रजा टाकली, नागपूर गाठलं आणि सीताबर्डीच्या दुकानातून लाल, पिवळे, हिरवे असे एलईडी पुडीत बांधून आणले.

मंगलाबाईंनी पुडी उलगडून पाहिली. "अवो, निळा काहून नाही आणला? एखादा तं आपला निळा पाह्यजे!"

"निळा अजून जगात निघालाच नाही म्हणते दुकानदार."

"लाल निघाला, हिरवा निघाला, अन् निळा नाही निघाला? मंग इतके दिवस जपानवाल्यानं केलं काय!"

तो धडा कोर्सच्या हरवलेल्या अर्ध्यात असावा. आनंदरावांनी मान खाली घालून सोल्डरिंग सुरू केलं. घरभर राळेचा धूर झाला, उशीला भोक पडलं, पण गाडीच्या टपावर लाल दिवा लुकलुकू लागला. मोठ्या साहेबांच्या अँबेसडरवर असतो, थेट तसा!

रंगीत तालमीला गटविकास अधिकारी स्वतः आले. हे साहेब साताऱ्याकडचे, नियमाला फार पक्के. गाडी धावली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण साहेबांचा चेहरा कडू कारलं खाल्ल्यासारखा झाला.

"आनंदराव, हा लाल दिवा कोणाच्या परवानगीने?"

"साहेब, खेळण्यातली गाडी हाय जी..."

"गाडी खेळण्यातली असेल, पण दिवा लाल आहे! लाल दिवा मंत्रीमहोदयांचा मान. त्यांच्यासमोर त्यांच्या गुडघ्याएवढी दुसरी लाल दिव्याची गाडी आली, तर काय दिसेल? काढा तो!"

आनंदरावांनी लाल काढून पिवळा लावला. साहेबांनी पुन्हा मान हलवली. "पिवळा लावून उपजिल्हाधिकारी फिरतात. ते सोबत येणार आहेत. त्यांना वाटेल, आपल्याला खेळणं म्हणतात!"

मग हिरवा लावला. आता तरी भागेल असं वाटलं, तर सरपंचच पुढे सरसावले. "हिरवा नोको, बावा! रेल्वेत हिरवा म्हणजे 'जा'. साहेब आता कुठं येऊन राहिले, अन् आपुन त्याईले 'जा' म्हणाचं का?"

शेवटी साहेबांनी चष्मा पुसला आणि निर्णय दिला. "तिन्ही रंग लावा. तिन्ही लावले म्हणजे कोणताच लावला नाही, असं धरता येतं."

सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढल्यामुळे आनंदरावांना हे लगेच समजलं.

पण टपावर जागा होती एकाच दिव्याची! मग आनंदरावांनी सगळे एलईडी गाडीच्या एरियलच्या काडीला बांधले. मोहाच्या झाडाला वटवाघळं लटकावीत तसे दिवे लटकले. आता एवढ्या दिव्यांना ताकद पुरेना. गाडी चार पावलं चालली की दिवे मंदावायचे आणि दिवे चमकले की गाडी बसकण मारायची. आनंदरावांनी विचार केला आणि जितके सेल होते, त्याच्या दुप्पट बसवले. दिवे भडकले! गाडीही दांडीला बोट लागताच अशी उसळली, की मंगलाबाई पाटावरून उठून खाटेवर उभ्या राहिल्या.

"अवो, हे गाडी हाय का गोऱ्हा?"

"थोडी तेज झाली. साहेबाले तेज मानूस आवडते!"

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. चारला येणारे मंत्री दिवेलागणीला आले. मांडवासमोर लाल गालिचा, गालिच्याच्या टोकाला दोन बांबू, बांबूंमध्ये गुलाबी फीत. एका बाजूला आनंदराव इस्त्रीच्या शर्टात, हातात डबी, काळजात ढोल. दुसऱ्या बाजूला बंदोबस्तावरचे हवालदार गोमाजी, हातात वायरलेस. घडणारी प्रत्येक गोष्ट भंडाऱ्याला कळवायची, असा त्यांना वरून हुकूम होता.

मंत्री फितीपाशी येऊन उभे राहिले. निवेदक ओरडला, "आता विज्ञानाचा चमत्कार पाहा!" आनंदरावांनी दांडी अलगद ढकलली.

आणि गाडी आली हो! सांजेच्या उजेडात लाल, पिवळे, हिरवे दिवे लखलखत, ताटलीत कात्री घेऊन, नव्या नवरीसारखी हळूहळू आली. मांडवातून टाळ्यांचा पाऊस पडला. मंत्री चक्क हसले! आनंदरावांना कारध्याच्या चहाचा वास आला.

तेवढ्यात गोमाजींनी वायरलेस तोंडाशी नेला आणि बटण दाबलं. "साहेब फितीजवळ पोचले आहेत. ओव्हर!"

गाडी उसळली!

झालं होतं असं, की एरियलला गुंडाळलेल्या त्या सगळ्या तारांनी एरियलचं जाळंच बनवलं होतं. आनंदरावांच्या डबीचा आवाज त्यात कुठल्या कुठे बुडाला आणि हवालदारांचा वायरलेस मात्र खणखणीत पकडला गेला. आता गाडी पोलिसांच्या हुकमात होती!

गाडी मंत्र्यांच्या दोन पायांमधून सुसाट निघाली. कात्री उडून उपजिल्हाधिकाऱ्यांच्या बुटापाशी पडली. एरियलची काडी फितीत अडकली, दोन्ही बांबूंवरच्या टाचण्या सुटल्या आणि गुलाबी फीत शेपटीसारखी फरफटत गाडी गालिच्याबाहेर पडली. मंत्र्यांचा कात्रीसाठी पुढे केलेला हात तसाच हवेत राहिला.

"उद्घाटन झालं का जी?" तुलारामजींनी घाबरत विचारलं.

गटविकास अधिकारी पांढरेफटक पडले होते. "फीत कापली गेली नाही, सुटली. सुटलेल्या फितीबद्दल... नियम पाहावा लागेल!"

इकडे गाडी थांबली होती. आनंदराव धावले, वाकले, हात लांब केला. बस, वीतभर अंतर! पण मागून धापा टाकत गोमाजी आले आणि कर्तव्याला जागले. "संशयित वाहन थांबलं आहे. ओव्हर!"

गाडी पुन्हा पळाली!

"हवालदारसाहेब, बोलू नोका!" आनंदराव ओरडले.

"न बोलून कसं चालन? मले रिपोर्ट द्या लागते!" गोमाजी ओरडले आणि लगेच रिपोर्ट दिला. "वाहन पूर्वेकडे पळून राहिलं! ओव्हर!"

गाडी आणखी जोरात पळाली. पुढे तीन रंगांचे दिवे आणि गुलाबी शेपटी, तिच्यामागे आनंदराव, आनंदरावांमागे गोमाजी, गोमाजींमागे सगळा मांडव! भाषण ऐकायला बसवलेली माणसं उठली, वाजंत्रीवाले उठले, स्वागतगीत म्हणणाऱ्या बायाही पदर खोचून निघाल्या. गोमाजींना दम लागला की गाडी थांबायची. दम परत आला की ते रिपोर्ट द्यायचे आणि गाडी निघायची. गावाबाहेर बोडी होती, म्हणजे धानाला पाणी द्यायचं लहानसं तळं. तिच्या पाळीवर गाडी एकदाची टेकली. आनंदरावांनी गोमाजींना नुसते हात जोडले.

गोमाजींनी मान डोलावली. समजल्यासारखं दाखवलं. मग बटण दाबलं.

"वाहन पूर्ण ताब्यात आहे. ओव्हर!"

डुबुक!

तिकडे रिकाम्या मांडवात मंत्री खुर्च्यांकडे पाहून भाषण करत होते. सरपंचांनी कसंबसं त्यांना खांबाजवळ नेलं आणि खटका दाबायला लावला. पथदिवे लागले! बोडीवरची मंडळी वळून "अरे वा!" म्हणेपर्यंत ते फडफडले आणि विझले. सगळं गाव काळंठिक्कर झालं.

अंधारात एकच उजेड उरला. बोडीच्या पाण्यात, हातभर खाली, लाल, पिवळे, हिरवे दिवे शांतपणे लुकलुकत होते. वरून गुलाबी फीत तरंगत होती. इतकं देखणं दृश्य एकोडीने कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात म्हाताऱ्या गोदावरीबाईंचा खणखणीत आवाज घुमला.

"पाहा वो बाई! मंत्र्याचे दिवे गेले, अन् आपल्या आनंदरावचे पाण्यातबी चालूच हायेत!"

गाव खदाखदा हसलं. तो हशा गावभर फिरून मंत्र्यांच्या कानापर्यंत पोचला. थोड्याच वेळात अंधारातून बॅटरीचा झोत आला आणि झोतामागून स्वतः मंत्री आले.

"कोण हे आनंदराव?"

आनंदरावांना वाटलं, साहेबांनी नावाने विचारलं! इतक्या वर्षांत कोणी विचारलं होतं? ते गुडघाभर चिखलात, हातात डबी घेऊन पुढे झाले. "मीच जी, साहेब!"

मंत्री त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत बघत राहिले. "तुमच्यासाठी काहीतरी केलंच पाहिजे. काय हवंय?"

"साहेब... बदली!"

"झाली समजा!" मंत्री म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

आनंदराव चिखलाच्या पायांनी घरापर्यंत धावत गेले. "अवं मंगला, झाली! स्वतः म्हणाले, झाली समजा!" मंगलाबाईंनी देवळापासून बौद्ध विहारापर्यंत सगळ्या आळीत पेढे वाटले. माहेरी निरोप धाडला, चहासाठी वेगळी कपबशी काढून ठेवायला सांगितली. गाडी बोडीतून कोणी काढलीच नाही. दिवे दोन दिवस लुकलुकले, मग विझले.

आदेश आला. आनंदरावांच्याच टेबलावर आवक झाला. शिक्का मारून त्यांनी तो उघडला, वाचला, पुन्हा वाचला आणि संध्याकाळी घरी आणून मंगलाबाईंपुढे ठेवला.

"बपेरा?" मंगलाबाई किंचाळल्या. "तुमसरच्याबी पार तिकडं? इतक्या दूर कायले पाठवलं वो तुमाले?"

आनंदरावांनी आदेशाची घडी घातली. मग खोल आवाजात म्हणाले, "बपेऱ्याच्या पुढं मध्यप्रदेश लागते ना. तिथं साहेबाचं चालत नाही."